जानेवारीत आवडलेला परफ्यूम एप्रिलमध्ये का झोंबतो? लाकडी-मसालेदार सुगंध लावताना या चुका टाळा

गड्ड्याचे, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचे दिवस होते. संक्रांतीच्या आसपास सोलापुरात संध्याकाळनंतर शाल काढावी लागते, तेवढीच काय ती आपली थंडी. नवी पेठेतल्या एका दुकानातून मी एक परफ्यूम घेतला. देवदार, चंदन, त्यावर मिरे आणि वेलदोडा. खोक्यावर बाईचं चित्र नव्हतं आणि बाप्याचंही नव्हतं. दुकानदार म्हणाला, "ताई, दोघांनाबी चालतंय हे. साहेबांनापण लावा की." ओढणीवर दोन फवारे मारून गड्ड्यावर फिरून आले. रात्री घरी आल्यावर ओढणीला असा काही वास येत होता की घडी घालवेना.

तीच बाटली एप्रिलमध्ये. सकाळी निघताना गळ्याला तीन, मनगटांना दोन फवारे. स्कूटरवरून ऑफिसात पोहोचले, तर शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने नाकाला पदर लावला. "काय लावलंस गं? काळा मसाला कुटून आलीस का?"

बाटली तीच होती, ऋतू बदलला होता. आणि माझी पहिली चूक तिथंच होती.

हिवाळ्याचा हिशोब उन्हाळ्यात

परफ्यूम म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेली तेलं. अंगाच्या उष्णतेने ती उडतात, म्हणून वास येतो. मिरे, वेलदोडा, लिंबूवर्गीय सालींचा वास हलका असतो, तो आधी उडतो. चंदन, देवदार, पचौली, वाळा हे जड गडी, ते तासन्तास अंगाला धरून बसतात. थंडीत हे सगळं रांगेनं येतं, आधी मिरी, मग वेलदोडा, मग हळूच लाकूड. पारा चाळिशीपार गेला की रांगबिंग काही राहत नाही, सगळे एकदम दारात. त्यालाच आपण 'भपकारा' म्हणतो.

शिवाय आपल्याकडचा उन्हाळा कोरडा. मुंबईसारखा चिकट नाही. कोरड्या त्वचेवर सुगंध धरत नाही, म्हणजे सुरुवातीला भपका आणि दुपारी काहीच नाही. दोन्हीकडून नुकसान.

उपाय साधा आहे. मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत फवारे निम्मे करायचे. गळ्याला नको, तिथून वास थेट आपल्याच नाकात जातो. कपड्याच्या आत, पोटाला किंवा गुडघ्यामागे एक फवारा पुरतो. त्याआधी तिथं बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवायचा. खोबरेल नको, त्याचा स्वतःचा वास आहे आणि देवदाराशी त्याचं जमत नाही. मी करून पाहिलंय.

बाटलीवर काय लिहिलंय तेही बघा. 'ओ द परफ्युम'मध्ये साधारण १५ ते २० टक्के सुगंधी द्रव्यं असतात, 'ओ द तुआलेत'मध्ये ५ ते १५ टक्के. मसालेदार प्रकारात सोलापूरच्या दिवसासाठी दुसरं बरं. पहिलं संध्याकाळी सातनंतर किंवा डिसेंबर-जानेवारीत.

जुन्या अत्तरवाल्यांना हे सगळं पाठ असतं. उन्हाळ्यात ते वाळा, गुलाब, मोगरा काढतात, थंडीत हिना, शमामा, ऊद. शमामा हे कनौजचं अत्तर म्हणजे आजच्या 'वुडी स्पायसी'चं आजोबाच म्हणा. मसाले, मुळं, औषधी वनस्पती यांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवायचा. आणि त्यात कोण असतं, तर दगडफूल! तेच, आपल्या काळ्या मसाल्यातलं. तेव्हा मैत्रिणीचं नाक अगदीच चुकलं नव्हतं.

लवंग-दालचिनीवर भाळणं

सोलापूरच्या नाकाला मसाला हा आधी स्वयंपाकघरातून कळतो. पॅरिसमधल्या कुणाला दालचिनी-लवंगेत गूढ काहीतरी दिसत असेल, आपल्याला रस्सा दिसतो. लवंगेचं तर आणखी एक दुखणं आहे. तिच्यातलं युजेनॉल दातांच्या डॉक्टरांकडे सिमेंट भरताना वापरतात, त्यामुळे काहींना लवंगेचा परफ्यूम लावलेल्या माणसाजवळ बसलं की दाढ आठवते.

म्हणून घेताना तोल बघा. लाकूड जास्त आणि मसाला चिमूटभर असेल तर उत्तम, आणि मसाल्यातही मिरे, वेलदोडा, थोडं जायफळ. हे वास जेवणाकडे कमी ओढतात. लवंग-दालचिनी पुढे असलेला प्रकार घ्यायचाच असेल तर फोडणीच्या वेळी घरातून निघू नका. विनोद नाही हा. स्वयंपाकघराच्या दारामागे अडकवलेल्या शर्टाला लसणाची फोडणी बसलेली असते, त्यावर दालचिनीचा परफ्यूम मारला की माणूस खानावळीतून आल्यासारखा वाटतो.

"वास उडाला" म्हणून पुन्हा फवारा

ही सगळ्यात मोठी चूक, आणि घरोघरची. लावल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी आपल्याला वास येईनासा होतो. आपण म्हणतो, भेसळ आहे, फसवलं. आणि अजून चार फवारे. वास गेलेला नसतो, नाकानं त्याची नोंद घेणं थांबवलेलं असतं. सतत येणारा वास मेंदू बाजूला टाकतो. गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणीचा आवाज ऐकू येत नाही, तसंच.

लाकडी परफ्यूममध्ये हे जास्त होतं. आजच्या बहुतेक लाकडी सुगंधांत नुसतं चंदन-देवदार नसतं, प्रयोगशाळेत बनवलेले रेणूही असतात. 'आयसो ई सुपर' हा त्यातला प्रसिद्ध. मऊ, देवदारासारखा. त्याची गंमत अशी की तो येतो-जातो. आत्ता आला, आता नाही, पुन्हा आला. काही लोकांना तो जवळजवळ कळतच नाही. कस्तुरीसारखे काही जड रेणूही काहींच्या नाकाला दिसत नाहीत. म्हणजे लावणाऱ्याला शून्य आणि शेअर रिक्षात शेजारी बसलेल्याला पुरेपूर.

तपासायचं कसं? स्वतःचं मनगट हुंगून नाही. बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाला विचारा. माझा नवरा संध्याकाळी दारात चपला काढत असतानाच मी विचारते, "येतोय का?" तो "हो" म्हणाला की बाटलीला हात लावायचा नाही. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला आला तर बरोबर. खोलीच्या दुसऱ्या टोकाला आला तर जास्त झालं.

मनगट मनगटावर घासणं ही यातलीच धाकटी चूक. घासल्याने उष्णता वाढते आणि वरचे नाजूक वास लवकर उडतात. मिऱ्याची जी पहिली झणझणीत लहर असते, तिच्यासाठी तर आपण पैसे दिलेले असतात.

हा पुरुषांचा, तो बायकांचा

'युनिसेक्स' हा शब्द ऐकून आमच्या घरी सासूबाई हसल्या होत्या. हळदीकुंकवाला मनगटावर अत्तराचा बोळा फिरवतात, वर गुलाबपाणी शिंपडतात. लग्नाच्या मांडवात तीच अत्तरदाणी पुरुषांच्या बैठकीत जाते. वाळ्याचा, चंदनाचा, हिन्याचा वास कुणाचा हे आपल्याकडे कुणी कधी विचारलंच नाही. डिओच्या जाहिरातींनी ते शिकवलं.

तिकडच्या कंपन्यांनाही उशिराच सुचलं. शिसेइदोने १९९२ मध्ये 'फेमिनिते द्यु ब्वा' आणलं तेव्हा बायकांच्या परफ्यूमच्या मधोमध देवदार ठेवणं नवलाचं होतं. दोन वर्षांनी, १९९४ मध्ये, कॅल्विन क्लाइनचं 'सीके वन' सरळ दोघांसाठी म्हणून विकायला आलं. ते मात्र लिंबूवर्गीय, हलकं. मसाल्याचं नव्हे.

आमच्या घरी एकच बाटली दोघं वापरतो. नवऱ्याच्या अंगावर मिरे पुढे येतात, माझ्या अंगावर चंदन. त्वचेचा तेलकटपणा, घाम, खाणं, साबण यांनी फरक पडतो. तेव्हा मैत्रिणीच्या अंगावर आवडला म्हणून डोळे मिटून घेऊ नका.

खोक्यावरचा स्वभाव खरा मानणं

'धाडसी', 'गूढ', 'आत्मविश्वासपूर्ण' असं काहीबाही छापलेलं असतं. परफ्यूम लावून कुणी गूढ झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. पण कोणावर शोभतो, याला थोडा अर्थ आहे.

माझी आत्या शाळेत शिक्षिका होती. कडक इस्त्रीची इरकल, आवाज खालच्या पट्टीत, आणि थंडीत कानात हिन्याचा फाया. ती खोलीत आली हे कळायचं नाही, गेल्यावर कळायचं. लाकडी-मसालेदार सुगंध अशा माणसाला शोभतो. कमी बोलणारी, घाई नसलेली, जवळ आल्यावरच उलगडणारी माणसं. खादी, हातमाग, चामड्याची चप्पल, जुनी पुस्तकं यांच्याशी त्याचं गोत्र जुळतं.

उलट माझा मावसभाऊ. त्याचा आवाज त्याच्याआधी घरात शिरतो. त्याने हाच परफ्यूम मारला की आम्ही खिडक्या उघडतो. त्याला कुणी लावू नको म्हणत नाही, फक्त एक फवारा, तोही बनियनवर. त्याच्यासाठी खरं तर संत्र्या-लिंबाचं काहीतरी हलकं बरं, पण सांगणार कोण?

स्वभावापेक्षा दिनक्रम बघा, असं माझं मत. दिवसभर एसीत बसणारा आणि होटगी रोडवरून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दुपारी बाराला दुचाकीवर जाणारा, दोघांचा स्वभाव एकच असला तरी परफ्यूम एक असू शकत नाही. उन्हात फिरणाऱ्याने दिवसा वाळा लावावा. तोही लाकडी घराण्यातलाच, पण गार.

दुकानात पाच मिनिटांत निर्णय

कागदाच्या पट्टीवर पहिल्या मिनिटाला अल्कोहोल आणि मिरे येतात. लाकूड अर्ध्या तासाने. एका वेळी तीनच्या वर हुंगू नका, नाक थकतं. मग आपल्याच कोपराच्या आत नाक घालून थांबा. एक हातावर मारून घ्या, बाजार करा, परत या. मी एक सोलापुरी युक्ती करते: पांढऱ्या टॉवेलचा छोटा तुकडा पिशवीत ठेवते. सुती कापडावर जड सुगंध छान टिकतो, दुसऱ्या दिवशी काय उरतं ते कळतं आणि पिवळा डाग पडतो की नाही तेही. डाग पडला तर तो परफ्यूम पांढऱ्या शर्टावर आणि रेशमावर मारायचा नाही.

अंगावर पुरळ, आणि बाकीचं

दालचिनी आणि लवंगेतले घटक काहींच्या त्वचेला सहन होत नाहीत. नवीन बाटली आधी कोपराच्या आत लावून दोन दिवस बघा. नुकत्याच केलेल्या दाढीवर, वॅक्सिंगनंतर, लहान मुलांना तर नकोच. खाज, लाली आली तर थांबायचं, "सवय होईल" म्हणायचं नाही.

बाटली पत्र्याच्या खोलीत, खिडकीत किंवा गाडीत ठेवू नका. ऊन आणि उष्णतेने वास बिघडतो, शिवाय आत ज्वलनशील अल्कोहोल आहे. कपाटात, कपड्यांमागे, खोक्यातच ठेवा.

आणि जास्त पडलंच तर? नुसत्या पाण्याने ही तेलं जात नाहीत. कापसावर बिनवासाचं सॅनिटायझर घेऊन पुसा, मग साबणाने धुवा. कपडा सावलीत वाऱ्यावर टांगा. गेल्या थंडीत माझ्या हातून सोलापुरी चादरीवर अख्खा फवारा सांडला होता. दोनदा धुतली, गच्चीवर वाळवली, तरी घडी उघडली की अजून देवदार येतो. ती मात्र मी तिसऱ्यांदा धुतलेली नाही.