तीच शेरेबाजी साठ वेळा टाइप करू नका

सांगलीच्या हळद बाजारावर प्रकल्प दिला, की निम्म्या वह्यांत चुका त्याच: एकक नाही, आकड्याला वर्ष नाही. गूगल क्लासरूमवर तपासत असाल तर शेरे एकदाच लिहून ठेवा.

१. कुठल्याही विद्यार्थ्याची फाइल क्लासरूममधूनच उघडा. उजवीकडे ‘कमेंट बँक’चं चिन्ह दिसेल.
२. नेहमीचे शेरे तिथे एकदम पेस्ट करा. प्रत्येक ओळ वेगळा शेरा धरली जाते, म्हणून एका शेऱ्यात एंटर नको.
३. चुकीचा मजकूर निवडून कमेंट उघडा, # आणि लगेच शेऱ्यातला एखादा शब्द टाका, उदा. #एकक. यादीतून शेरा निवडा.

मराठी टायपिंगच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-३ दाबलं तर # ऐवजी रकार (‘प्र’मधला) उमटतो; तेवढ्यापुरता कीबोर्ड इंग्रजी करा. बरेच जण इथेच ‘चालत नाही’ म्हणून सोडून देतात.

‘एकक लिहा’ एवढाच शेरा कुचकामी. ‘भाव क्विंटलचा की किलोचा ते लिहा’ असा ठेवा, मुलं दुरुस्त तरी करतात.

आणि गुण भरून खिडकी बंद केलीत तर ते मसुदाच राहतात. ‘रिटर्न’ दाबल्याशिवाय मुलांना गुण दिसत नाहीत.