नदीकाठच्या घराचा पुराचा विमा

गोदावरी, मांजरा, तेरणा किंवा सिंदफणेच्या काठी घर असेल, तर आधी पूररेषा बघा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या मोठ्या पुराची. नकाशे जलसंपदा विभागाकडे मिळतात. पण गावातला बुजवलेला ओढा नकाशात सापडेलच असं नाही, तो म्हाताऱ्या माणसांनाच विचारावा.

विम्यासाठी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी बघा. त्यात पूर येतो. रक्कम बांधकामाच्या खर्चावर धरतात, जागेची किंमत त्यात नसते. 800 चौरस फूट, दर 1,800 रुपये धरला तर 14,40,000. घरसामानाला आपोआप त्याच्या 20 टक्के, म्हणजे 2,88,000 (कमाल 10 लाख). रोकड यात नाही, दागिन्यांचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं.

दावे अडकतात ते बहुधा घाईच्या साफसफाईमुळे. पाणी ओसरलं की आधी भिंतीवरच्या गाळाच्या रेघेचा मोजायचा टेप लावून फोटो घ्या, कंपनीला लगेच कळवा. भिजलेला फ्रिज विम्यासाठी नुकसान बघणारा सर्वेअर येईपर्यंत भंगारात देऊ नका. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत मागून ठेवा. मात्र पंचनामा झाला म्हणजे विमा कंपनीला कळलं, असं होत नाही.