स्टीव्हस्टनच्या जुन्या कुटुंबांचा इतिहास शोधायचाय? मग कागद असे बघा

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रेझर नदी जिथे समुद्राला मिळते तिथे स्टीव्हस्टन आहे. आता ते रिचमंड शहराचा भाग, पण एकेकाळी सॅल्मन मासे डब्यात भरणाऱ्या कारखान्यांचं, म्हणजे कॅनरींचं गाव. गावाला नावच स्टीव्ह्स कुटुंबाचं, त्यामुळे त्यांच्याबद्दल पटकन सापडतं. खरी मेहनत लागते ती बाकीच्यांसाठी, म्हणजे जपानच्या मिओ गावातून आलेले मच्छीमार, कॅनरीत राबणारे चिनी कामगार आणि किनाऱ्यावरून हंगामापुरती येणारी फर्स्ट नेशन्सची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची कुटुंबं. यांची नावं कागदांवर आहेत, फक्त आपण जिथे आधी बघतो तिथे नाहीत.

पहिलं काम जनगणना. लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडा या राष्ट्रीय दप्तरखान्याच्या साइटवर ती फुकट बघता येते, दर गणना ९२ वर्षांनी उघडते, म्हणून १९३१ ची २०२३ मध्ये आली. पण तारीख बघा हां, १९०१ ची गणना ३१ मार्चची आणि सॉकाय सॅल्मनचा हंगाम जुलै-ऑगस्टचा, म्हणजे उन्हाळ्यात गावात शेकडो माणसं असायची ती मार्चमध्ये भलतीकडेच मोजली गेलीत. माणूस सापडला नाही तर तो तिथे नव्हताच असं लिहून मोकळं होऊ नका, व्हँकुव्हर, व्हिक्टोरिया, वरच्या किनाऱ्यावरची गावं, सगळीकडे बघा. स्पेलिंगही चार प्रकारे टाकून बघा, कारण गणना करणाऱ्याला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलंय. आणि नाव सापडलं की त्या पानावरची आजूबाजूची घरंही उतरवून घ्या, कॅनरीच्या घरांत राहणारे शेजारी बहुतेक एकाच ठिकाणी कामाला असायचे.

मतदार यादीवर मात्र भिस्त ठेवू नका. ब्रिटिश कोलंबियात, म्हणजे स्टीव्हस्टन ज्या प्रांतात आहे तिथे, चिनी आणि दक्षिण आशियाई लोकांना १९४७ पर्यंत आणि जपानी लोकांना १९४९ पर्यंत मतच नव्हतं, कॅनडात जन्मलेले असले तरी. यादीत नाव नसतं ते कायद्यामुळे, माणूस तिथे नव्हता म्हणून नव्हे.

ज्या कायद्यांनी या लोकांना छळलं त्याच कायद्यांनी त्यांचे कागद मात्र तयार केले. कॅनडात येणाऱ्या चिनी माणसावर १८८५ पासून हेड टॅक्स, म्हणजे डोईपट्टी होती, आधी ५० डॉलर, १९०३ पासून ५००, आणि त्याच्या रजिस्टरमध्ये वय, जन्मगाव असं सगळं लिहिलेलं असतं, एखाद्या कामगाराचं मूळ गाव कळायला याहून चांगला कागद मला माहीत नाही. जपानी कुटुंबांचं बघायचं तर १९४२ वर या. दुसऱ्या महायुद्धात जपानशी लढाई सुरू झाल्यावर सरकारने त्यांना किनाऱ्यापासून १०० मैलांच्या पट्ट्यातून हाकललं, बोटी, घरं, सामान कस्टोडियनच्या, म्हणजे जप्त मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या ताब्यात दिलं आणि नंतर विकून टाकलं. त्या फायलींमध्ये घरातल्या वस्तूंच्या याद्या आहेत, मालकांनी लिहिलेली पत्रं आहेत. वाचताना पोटात तुटतं, पण त्या घराचं रोजचं जगणं इतकं जवळून दुसरीकडे दिसत नाही. व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या लँडस्केप्स ऑफ इनजस्टिस प्रकल्पाने यातलं बरंच ऑनलाइन ठेवलंय. परत यायची परवानगी मिळाली १ एप्रिल १९४९ ला, म्हणजे मधल्या वर्षांत कुटुंब स्टीव्हस्टनला शोधत बसू नका, स्लोकान, न्यू डेन्व्हरसारख्या, त्यांना जिथे डांबलं त्या कॅम्पांत किंवा अल्बर्टाच्या बीटाच्या शेतांवर शोधा.

जन्म, लग्न, मृत्यूचे दाखले बीसी आर्काइव्ह्ज, म्हणजे ब्रिटिश कोलंबियाच्या दप्तरखान्याच्या साइटवर. जन्माचे १२० वर्षांनी खुले होतात, लग्नाचे ७५, मृत्यूचे २०. सुरुवात मृत्यूच्या दाखल्यापासून करा, त्यात बऱ्याचदा आईवडलांची नावं मिळतात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा, आणि मग एक पिढी मागे जाता येतं. कोण कुठल्या रस्त्यावर राहायचं, काय काम करायचं त्यासाठी जुन्या डिरेक्टऱ्या, व्हँकुव्हर पब्लिक लायब्ररीने १९५५ पर्यंतच्या स्कॅन करून ठेवल्यात.

जमलं तर गावात जाऊनही या. १८९४ ची गल्फ ऑफ जॉर्जिया कॅनरी आता म्युझियम आहे, ब्रिटानिया शिपयार्ड्समध्ये कामगारांची घरं बघायला मिळतात, रिचमंडच्या आर्काइव्ह्जमध्ये फोटो आहेत आणि बर्नबीला जपानी वंशाच्या कॅनेडियन लोकांचं निक्केई म्युझियम आहे.

म्हाताऱ्या माणसांशी बोलायला जाताना एखादा जुना फोटो किंवा नकाशा सोबत न्या, "तुमचा इतिहास सांगा" म्हटलं की माणूस गप्प होतो, पण फोटोतली ही बोट कुणाची विचारलं की बोलायला लागतो. १९४२ चा विषय त्यांनी काढला तरच पुढे विचारा, रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्या, आणि हयात माणसाचं काहीही ऑनलाइन टाकण्याआधी घरच्यांना दाखवा.