इटलीच्या टस्कनी प्रांतातली भाड्याची गाडी: दंड कसा टाळला

आमच्या पहिल्या आराखड्यात गाडी रोमलाच घ्यायची होती. ते बदललं. रोम ते फ्लोरेन्स जलद रेल्वेने दीड तास; तिकीट लवकर काढलं तर बरंच स्वस्त. गाडी फ्लोरेन्स विमानतळावर घेतली, सान्ता मारिया नोव्हेला स्टेशनाजवळून टी२ ट्राम वीसेक मिनिटांत तिथे नेते. विमानतळावर अशासाठी, की फ्लोरेन्सच्या जुन्या शहरात 'झेडटीएल' म्हणजे वाहनांवर निर्बंध असलेलं क्षेत्र आहे: कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, दंड कित्येक महिन्यांनी घरी येतो, वर भाडेकंपनीचं शुल्क वेगळं. सिएना शहरातही गाडी जुन्या तटबंदीबाहेरच लावा.

आरटीओकडून गाडी चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना प्रवासाला निघण्याआधीच काढा, मूळ परवानाही सोबत हवा. अनामतीसाठी क्रेडिट कार्ड सहसा चालकाच्याच नावाचं मागतात. जोडीदाराच्या कार्डावर विसंबू नका. गिअर बदलायची सवय नसेल तर ऑटोमॅटिक आरक्षणातच निवडा.