प्रवासासाठी कार्ड निवडताय? या चुका टाळा

"परदेशात जायचंय, कोणतं कार्ड घेऊ?" हा प्रश्न मला सतत येतो. विचारणाऱ्याकडे चार कार्डांची तुलना तयार असते: कॅशबॅक किती, वार्षिक फी किती, लाउंज आहे का. मी उलट विचारतो, "मशीनवर दोन चलनांत रक्कम दिसली तर कोणती दाबणार?" बहुतेकांना प्रश्नच कळत नाही. कार्ड निवडण्यात तीन आठवडे घालवून वाचवलेले दोन टक्के काउंटरवर तीन सेकंदांत जातात, ते तिथेच.

आपल्या चलनातली रक्कम दाबणं

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता राग येतो. परदेशात कार्ड लावलं की ते कोणत्या देशातलं आहे हे मशीनला लगेच कळतं. मग पडद्यावर दोन रकमा येतात, एक तिथल्या चलनात आणि एक तुमच्या. आपल्या चलनातला आकडा ओळखीचा वाटतो, म्हणून माणूस तोच दाबतो. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, थोडक्यात डीसीसी. यातला दर तुमची बँक ठरवत नाही आणि व्हिसा-मास्टरकार्डही ठरवत नाहीत. तो दुकानाच्या बाजूची कंपनी ठरवते, आणि त्या कमाईतला वाटा बहुतेक वेळा दुकानालाही मिळतो.

व्हिसा किंवा मास्टरकार्डचा दर बाजारातल्या दराच्या बराच जवळ असतो. डीसीसीचा दर त्याहून चार-पाच टक्क्यांनी महाग असणं नेहमीचं आहे, एटीएमवर तर तो दहाच्या घरातही जातो. म्हणजे विनिमय शुल्क शून्य म्हणून जे कार्ड घेतलं, त्याचा फायदा एका बटणाने संपला. शिवाय काही बँका वर स्वतःचं परदेशी व्यवहाराचं शुल्कही लावतात, कारण रक्कम आपल्या चलनात असली तरी दुकान परदेशातलंच असतं. युरोपियन युनियनने आपल्या हद्दीतल्या व्यवहारांसाठी एप्रिल २०२० पासून हा जादा आकार टक्क्यांत दाखवणं बंधनकारक केलं आहे. तरी लोक दाबतातच. मागे रांग असताना टक्के कोण वाचतो?

माझ्यावर ही वेळ एका बुटांच्या दुकानात आली. मी कार्ड मशीनमध्ये घातलं आणि पिन टाकला. विक्रेत्याने मशीन स्वतःकडे वळवलं, काहीतरी दाबलं आणि पावती फाडून हातात दिली. दाराशी येऊन पाहतो तर रक्कम माझ्या चलनात. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत विनिमय दर, आणि त्याखाली एक ओळ: मला चलनाची निवड देण्यात आली होती आणि मी या चलनाला संमती दिली आहे. मला कुणी काहीच विचारलं नव्हतं. तसाच मागे फिरलो. विक्रेता म्हणाला, आता बँकेशी बोला. मी तिथून हललो नाही. व्यवहार रद्द करा आणि इथल्या चलनात पुन्हा करा, एवढंच सांगत राहिलो. शेवटी मॅनेजर आला आणि दोन मिनिटांत काम झालं. त्याच वेळी रद्द करणं दुकानाला सोपं असतं. घरी येऊन तक्रार केली असती, तर तीच छापील संमती माझ्यासमोर धरली गेली असती.

तेव्हापासून कार्ड हातातून सोडण्याआधी मी "लोकल करन्सी" असं मोठ्याने सांगतो आणि पडद्यावरची रक्कम वाचल्याशिवाय टॅप करत नाही. एटीएमवर "विथ कन्व्हर्जन" आणि "विदाउट कन्व्हर्जन" असे पर्याय येतात. कधी नुसतंच "ॲक्सेप्ट" आणि "डिक्लाइन" असतं. डिक्लाइन दाबलं तर पैसेच मिळणार नाहीत अशी भीती वाटते. पण तुम्ही फक्त त्यांचा दर नाकारत असता. पैसे मिळतात, आणि हिशोब तुमच्या कार्डाच्या दराने होतो. हॉटेल किंवा विमानाचं ऑनलाइन बुकिंग करतानाही हेच जाळं असतं, तिथेही चलन आधी तपासा.

गाडी आणि हॉटेलला डेबिट कार्ड देणं

माझ्या पुतणीने परदेशात गाडी भाड्याने घेतली आणि पगार जमा होतो त्याच खात्याचं डेबिट कार्ड काउंटरवर दिलं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "काका, खात्यातले निम्मे पैसे दिसत नाहीयेत. कापलेही गेले नाहीत, स्टेटमेंटमध्ये नोंदच नाही." आवाज रडवेला होता.

पैसे कापले गेले नव्हते, ते अडवून ठेवले होते. गाडीवाले, हॉटेलवाले आणि स्वयंचलित पेट्रोल पंप आधी एका अंदाजी रकमेवर होल्ड टाकतात. हे पूर्वपरवानगी घेण्यासारखं आहे. क्रेडिट कार्डावर होल्ड पडला तर खर्चाची मर्यादा तेवढी कमी होते, तुमच्या खिशातले पैसे जागेवर राहतात. डेबिट कार्डावर मात्र तुमचेच खरे पैसे अडकतात. खात्यातली शिल्लक तेवढीच दिसते, पण वापरता येणारी रक्कम घटते, आणि लोक नेमका हा दुसरा आकडा बघत नाहीत. पुतणीने चौथ्या दिवशी गाडी परत केली. होल्ड सुटायला त्यानंतर आणखी आठ दिवस लागले, आणि मधल्या काळात तिचा एक ठरलेला हप्ता परत गेला.

डेबिट कार्ड देण्यामागे तिचं कारण असं की क्रेडिट कार्ड बॅगेत तळाशी होतं आणि रांग मोठी होती. घाई नडते ती अशी. बॅग उघडा, मागच्यांना थांबू द्या.

माझी सवय सांगतो. हॉटेल, गाडी आणि पंपासाठी क्रेडिट कार्ड. डेबिट कार्ड फक्त एटीएमसाठी, आणि तेही अशा खात्याचं की ज्यात प्रवासापुरतेच पैसे आहेत. होल्ड किती रकमेचा आहे हे सही करण्याआधी विचारतो. शेवटचं बिल ज्या कार्डावर होल्ड आहे त्याच कार्डाने भरतो. दुसऱ्या कार्डाने भरलं तर बिलही जातं आणि जुना होल्डही लटकत राहतो. प्रीपेड कार्डावर भिस्त ठेवू नका, गाडीवाले बहुधा ते घेतच नाहीत.

दोन कार्डं आहेत, पण नेटवर्क एकच

"माझ्याकडे दोन कार्डं आहेत" असं सांगणाऱ्याची दोन्ही कार्डं बघा, दोन्हींवर एकाच नेटवर्कचा, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्डचा, लोगो असतो. ते नेटवर्क बंद पडलं तर दोन्ही बंद. १ जून २०१८ रोजी व्हिसाच्या एका डेटा सेंटरमधला स्विच, म्हणजे व्यवहार पुढे पाठवणारं यंत्र, अर्धवट बिघडला आणि युरोपभर सुमारे ५२ लाख व्यवहार फसले. बँका ठीक होत्या, खात्यात पैसे होते, तरी अनेकांना बिल भरता आलं नाही. म्हणून कार्डं अशी ठेवा: एक व्हिसा, एक मास्टरकार्ड, दोन वेगळ्या बँकांची, आणि दोन वेगळ्या खिशांत. एक पाकिटात, दुसरं बॅगेत.

सगळी बचत ॲपमधल्या खात्यात

ॲपवाली खाती मीही वापरतो. दर चांगला मिळतो, कार्ड एका स्पर्शात गोठवता येतं. पण ॲप म्हणजे बँक असतेच असं नाही. अनेक कंपन्या फक्त समोरचा दरवाजा असतात, पैसे मागे भलत्याच बँकेत असतात आणि मधे आणखी एक मध्यस्थ असतो. अमेरिकेत सिनॅप्स हा असाच मध्यस्थ एप्रिल २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेला आणि पुढच्या महिन्यात हजारो लोकांची खाती गोठली. तिथे बँक ठेवींना अडीच लाख डॉलरपर्यंत विमा आहे. पण तो बँक बुडाली तर मिळतो, आणि इथे बँक बुडालीच नव्हती, कुणाचे किती पैसे कुठे आहेत याचा हिशोब जुळत नव्हता. म्हणून खातं उघडताना कॅशबॅकच्या आधी हे वाचा: परवाना बँकेचा आहे की ई-मनीचा (म्हणजे फक्त पैसे साठवून खर्च करू देण्याचा, बँकेसारख्या ठेवी घेण्याचा नाही), आणि ठेव विमा कुणाच्या नावावर. मी अशा खात्यात एका प्रवासापुरतं ठेवतो, पगार आणि बचत नाही.

बाकीच्या चुका, थोडक्यात

क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे काढू नका. शुल्क लागतंच, आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होतं.

चलनबाजार शनिवार-रविवारी बंद असतो, आणि काही ॲप-खाती त्या दोन दिवसांत दरावर जादा आकार लावतात. चलन शुक्रवारीच बदलून ठेवा.

मेट्रोत आत जाताना फोन आणि बाहेर पडताना कार्ड टॅप करू नका. खातं एकच असलं तरी यंत्राला ती दोन वेगळी कार्डं दिसतात. लंडनमध्ये यामुळे दोन अपुरे प्रवास नोंदले जातात आणि दोन्हींचं जास्तीत जास्त भाडं लागू शकतं.

बुकिंग एकदा वापरायच्या व्हर्च्युअल, म्हणजे ॲपमधला नुसता नंबर असलेल्या, कार्डाने करू नका. काउंटरवर "ते कार्ड दाखवा" म्हणतात आणि दाखवायला काही नसतं. रिफंडही त्याच, एकदा वापरून संपलेल्या नंबरवर परत येतो.

फक्त टॅप करण्याची सवय असलेले पिन विसरतात. निघण्याच्या आठवड्यात प्रत्येक कार्डाने एकदा चिप घालून, पिन टाकून व्यवहार करा. त्याच दिवशी ओटीपी कोणत्या सिमवर येतो तेही पाहा. ते सिम काढून तिथलं लोकल सिम घालणार असाल, तर ॲपमधून मंजुरी देण्याची सोय घरीच सुरू करा. नव्या फोनवर ॲप चालू करायलाही बँक बहुधा त्या जुन्याच नंबरवर ओटीपी पाठवते.