वस्तीतली भिंत रंगवताय? अर्जाआधीच्या या चुका टाळा

अनुदान मंजूर झालं, आराखडा सगळ्यांना आवडला, चित्र झकास उतरलं. आणि पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटले. मग रंगाच्या कंपनीला नावं ठेवली जातात. बहुतेक वेळा रंग निर्दोष असतो. अर्ज लिहिण्याआधी भिंत कुणी नीट पाहिलेलीच नसते.

ओल तपासायला खर्च नाही. दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि 24 तास ठेवा. एक जमिनीलगत, एक डोक्याच्या वर. आतून थेंब धरले तर भिंत ओली आहे. फक्त खालचा तुकडा घामेजला तर ओल जमिनीतून चढतेय. वरचाही ओला असेल तर गळका पाइप, पन्हळ किंवा भिंतीचा फुटका माथा शोधा. ते दुरुस्त होईपर्यंत प्रायमरचा डबा उघडू नका. सिमेंटचा नवा गिलावा किमान 28 दिवस मुरू द्या, नाहीतर त्यातला क्षार रंग फिका पाडतो आणि पांढरा फुटून वर येतो.

जुना चुना किंवा डिस्टेंपर असेल तर हाताला भुकटी लागायची थांबेपर्यंत तारेच्या ब्रशने खरवडा, धुवा, वाळवा. तसाच रंग मारला तर तो भिंतीला धरत नाही, भुकटीला धरतो आणि तिच्यासकट गळतो. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या गिलाव्यावर तर सिमेंटची पुट्टी लावूच नका. ओल आत कोंडते आणि गिलाव्याचे पोपडे पडतात. तिथे चुन्यातले खनिज रंगच बरे. आतल्या खोल्यांची पुट्टी बाहेर वापरणं ही स्वस्तातली आणखी एक हमखास चूक.

हिशेब असा धरा. 40 बाय 10 फुटांची भिंत म्हणजे 400 चौरस फूट. गुळगुळीत गिलाव्यावर बाहेरच्या ॲक्रिलिक इमल्शनचा एक लिटर दोन हातांत साधारण 50 ते 60 चौरस फूट जातो, म्हणजे नुसत्या पायालाच 7 ते 8 लिटर. खडबडीत भिंतीला दीडपट. खालचे तीन फूट चिखल, दुचाकी आणि पिचकाऱ्यांचे असतात. तिथे चेहरे नकोत, धुता येईल असा गडद पट्टा ठेवा. पिचकाऱ्या थांबाव्यात म्हणून देव रंगवायची आपल्याकडे जुनी युक्ती आहे, पण रंग विटल्यावर त्या देवावर कुंचला फिरवायला कुणी धजत नाही.

गिलावा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, रंग डिसेंबर ते फेब्रुवारीत. एप्रिल-मेच्या दुपारी पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर रंग ओढतानाच सुकतो आणि जोड दिसतात.

अंदाजपत्रकात रंग आणि मानधन असतं. परांची, भिंतीची दुरुस्ती, विमा, वस्तीतल्या मदतनिसांची मजुरी आणि दोन वर्षांनंतरची डागडुजी नसते. शेवटचा हप्ता बहुधा अहवालानंतर येतो, तोवर दुकानदाराला काय देणार हे आधी ठरवा. बिलं पक्की घ्या, ज्याच्या नावावर अनुदान आहे त्याच्याच नावावर. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी संस्थेमार्फत राबवायचा असेल तर त्या संस्थेकडे प्राप्तिकराची 12-ए व 80-जी आणि कंपनी मंत्रालयाची सीएसआर-1 नोंदणी लागते. एकट्या कलाकाराने आधी अशी संस्था जोडीला घ्यावी.

‘करा हो, मी आहे’ ही परवानगी नव्हे, मग ते कुणीही म्हणो. भिंत पालिकेची, कॅन्टोन्मेंटची, महावितरणची, रेल्वेची की सोसायटीची, हे शोधून मालकाचं लेखी ना-हरकत पत्र घ्या. नाहीतर तुमचं चित्र 1995च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याखाली येऊ शकतं. मंडळाचा मांडव कुठे पडतो तेही विचारा, कारण त्याच भिंतीला वासे टेकतात आणि खिळे ठोकले जातात.

लोकांची बैठक मंगळवारी सकाळी अकराला ठेवली तर घरकामाला जाणाऱ्या बायका आणि रिक्षावाले येणार कसे? रात्री आठनंतर ठेवा. कच्चं चित्र आठवडाभर चौकात टांगा. खऱ्या माणसांचे चेहरे काढणार असाल तर त्यांची लेखी संमती घ्या.

करारात एक ओळ विसरू नका: चित्र पुसण्याआधी कलाकाराला 30 दिवसांची लेखी सूचना. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं भित्तिशिल्प 1979मध्ये त्यांना न विचारता भिंतीवरून उतरवलं गेलं. कलाकृतीवरचा कलाकाराचा नैतिक हक्क जपणाऱ्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 57च्या आधारे दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो 2005मध्ये.