फीची तयारी बारावीच्या निकालाआधी

बारावीचा शेवटचा पेपर झाला की घरात कुठल्या कॉलेजात जायचं याची चर्चा सुरू होते. त्याच आठवड्यात फीच्या कागदांनाही हात घाला, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. महाराष्ट्रात शिकणाऱ्या मुलामुलींना मिळणारी सरकारी मदत थोडीथोडकी नाही, पण ती सगळी दाखल्यांवर चालते आणि दाखल्यांना वेळ लागतो. जूनमध्ये सरकारी दाखले काढून देणाऱ्या सेतू केंद्रांसमोर रांगा लागतात. एप्रिल-मे मोकळे असतात.

सगळ्यात आधी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढा. 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज करता येतो किंवा सेतू केंद्रातून. तो १ एप्रिलनंतर काढा, कारण ३१ मार्चला त्याची मुदत संपते आणि मार्चमध्ये धावपळ करून आणलेला दाखला प्रवेशाच्या वेळी चालत नाही. सोबत अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तर जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर (मागासवर्गातल्या उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) आणि जात वैधता (जातीचा दाखला पडताळल्याचं प्रमाणपत्र). यातली वैधता सर्वांत वेळखाऊ. वडिलांच्या, आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत मागे जावं लागतं, म्हणून तिचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच गेलेला बरा. नॉन-क्रिमीलेअर ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा, त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे का, ते तारीख वाचून बघा. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्रही करून ठेवा.

मग सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून नावं ताडून पाहा. आधारवर एक स्पेलिंग, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं, बँकेच्या पासबुकात वडिलांचं नावच नाही, असं हमखास निघतं. ही दुरुस्ती मे महिन्यात झाली तर कुणाला पत्ताही लागत नाही. अर्ज भरताना सापडली तर त्यात आठवडे जातात.

बँक खात्याचं तर वेगळंच आहे. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून येणारी रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, तुम्ही ज्याचं पासबुक दाखवता त्यात जाईलच असं नाही. शाळेत असताना उघडलेलं शून्य शिलकीचं खातं जोडलेलं असतं, ते व्यवहार नसल्याने बंद पडलेलं असतं आणि पैसे अडकतात. आधारच्या संकेतस्थळावर कुठली बँक जोडली आहे ते दिसतं. ते बघा आणि खातं चालू करून घ्या. आधारला मोबाइल नंबर तुमचा स्वतःचा किंवा घरातला हवा. नेट कॅफेवाल्याचा नंबर आणि त्यानेच ठेवलेला पासवर्ड यावर पुढची चार वर्षं काढू नका. युजर आयडी वहीत लिहून ठेवा.

आता कुठली मदत मागायची ते बघू. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या खुल्या वर्गातल्या मुलांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे. तिच्यात शिक्षण शुल्काचा निम्मा भार सरकार उचलतं. याच उत्पन्न मर्यादेत ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मुलीचं इंजिनिअरिंग किंवा फार्मसी 'परवडणार नाही' म्हणून बाजूला ठेवणाऱ्या प्रत्येक घराने हा निर्णय आधी नीट वाचावा, असं मला मनापासून वाटतं. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख. पण प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की या सवलती गेल्या. शेजारच्या कॉलेजात मॅनेजमेंटची जागा आणि पन्नास किलोमीटरवर कॅपची, असं निवडायची वेळ आली तर हा हिशेब मांडूनच ठरवा.

खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती पाहता येते. त्यावर कुणी जास्त मागितलं तर पावती मागा. देणगी घेण्यास १९८७ च्या कायद्याने बंदी आहे.

फी माफ झाली तरी राहणं-खाणं माफ होत नाही, आणि गावाकडच्या मुलांचं गणित इथेच बिघडतं. शासकीय वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबरच करा. तिथे जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, इतरांनी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजनेचे निकष तपासावेत. पुण्यात शिकायला येणाऱ्यांनी १९५५ पासून ग्रामीण मुलांची सोय करणाऱ्या विद्यार्थी सहाय्यक समितीकडे जरूर अर्ज करावा. शिष्यवृत्तीचे पैसे उशिराच येतात, म्हणून कॉट बेसिसची (खोलीतल्या एका खाटेपुरत्या भाड्याच्या जागेची) अनामत आणि निदान चार महिन्यांची खानावळ एवढी रोकड हाताशी ठेवा. रोज ये-जा जमत असेल तर एसटीच्या विद्यार्थी पासवर ६६.६७ टक्के सवलत आहे.

'कमवा व शिका'ची चौकशी पहिल्याच आठवड्यात करा, जागा लवकर भरतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेली ही वाट आहे. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काही तास काम. त्यातून फी भरत नाही, पण खानावळीचा बराच भाग सुटतो आणि तास कॉलेजच्या वेळेला सांभाळून असतात.

एवढं करूनही कमी पडलं तरच कर्ज, आणि तेही न घाबरता. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, आई किंवा वडील सहकर्जदार असले की पुरे. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करता येतो. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षाने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. पहिल्या वर्षी उचललेल्या १ लाखावर ९ टक्क्यांनी वर्षाचे ९,००० होतात. चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष सवलतीचं धरलं तर ४५,०००. महिना ७५० भरत गेलात तर हे ओझं साचत नाही. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर या काळातलं व्याज केंद्राच्या अनुदान योजनेतून मिळू शकतं, त्यासाठी पुन्हा उत्पन्नाचा दाखला लागतो. बँकेत विचारताना व्याजदर, प्रक्रिया शुल्क, विमा सक्तीचा आहे का, हे तिन्ही लेखी घ्या. मुंबई-पुण्याच्या एजंटाला 'कर्ज करून देतो' म्हणून एक रुपयाही देऊ नका.

महाडीबीटीचा अर्ज भरला की काम संपत नाही. तो कॉलेजकडून मंजूर होऊन पुढे जातो. त्रुटी निघाली की परत येतो आणि तुम्ही लॉगिन केलं नाही तर तिथेच पडून राहतो. आठवड्यातून एकदा स्थिती बघा, शिष्यवृत्ती विभागातल्या क्लार्कना भेटत राहा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, तेव्हा पहिल्या वर्षाची मार्कशीट आणि फीची पावती स्कॅन करून मेलवर टाकून ठेवा.